यशवंतीचे चार पाय

गाडीचं नाव यशवंती ठेवायचं, हे मी गाडी घेण्याच्या आधीच ठरवलं होतं. दंतकथेत सिंहगडाचा कडा चढून गेलेली तानाजींची घोरपड ती यशवंती. आमची यशवंती सेकंडहँड, पण ऑल-व्हील-ड्राइव्ह. म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांपाशी न संपवता चारही चाकांपर्यंत पोचवणारी. घोरपडीला चार पाय, हिलाही चार पाय.

"कोथरूडात सगळ्यांत मोठा चढ म्हणजे आपल्या सोसायटीच्या बेसमेंटचा," बायको म्हणाली. "त्याला चार पाय कशाला?"

"असू दे," मी म्हटलं. पुण्यातल्या माळ्यांवर पडलेल्या निम्म्या वस्तू याच दोन शब्दांच्या जोरावर घरात आलेल्या आहेत.

पुढे दोन वर्षं मागचे दोन पाय फुकट पोसल्यासारखे वाटू लागले. डॅशबोर्डच्या खाली एक गोल बटण होतं. त्यावर तीन खुणा: टू-व्हील, ऑटो आणि लॉक. टू-व्हीलवर फक्त पुढची चाकं ओढतात आणि मागची वऱ्हाडासारखी नुसती येतात. ऑटोवर पुढची घसरली तर मागची मदतीला धावतात. लॉकवर पुढची-मागची एका दावणीला बांधल्यासारखी सारख्याच वेगानं फिरतात. मी हे बटण रोज पुसत असे, फिरवलं मात्र कधीच नव्हतं. पैसे वसूल व्हायला हवेत, या थोर विचारानं आम्ही सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरवलं.

गाडीत चौघं. मी, बायको, कागलकडे शेती करणारा तिचा धाकटा भाऊ आणि त्याची नागपूरकडची बायको. मेहुण्याच्या बायकोला हाक मारायला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, म्हणून मी तिला वहिनी म्हणतो आणि ती मला मेहुण्याचं ऐकून दाजी म्हणते. चार माणसं, चार मापं. मी वेळापत्रक छापून काचेला चिकटवणारा. मेहुणा दर चाळीस किलोमीटरला चहा घेणारा. बायको नकाशा वाचणारी, म्हणजे मोबाईलमधल्या बाईशी तात्त्विक मतभेद असणारी. आणि वहिनी, जिला रस्त्यातला प्रत्येक बोर्ड म्हणजे आपल्याला आलेलं आमंत्रण वाटतं.

पुण्याहून सिमल्यापर्यंतचा रस्ता आता इतका चांगला झाला आहे की भांडायला भरपूर वेळ मिळतो. मनमाड येईपर्यंत एसी किती अंशांवर ठेवायचा यावरून दोन पक्ष पडले. धुळ्याला मेहुण्याचा चौथा चहा झाला तेव्हा मी वेळापत्रकाकडे नुसतं बोट दाखवलं. तो म्हणाला, "दाजी, कागदाला तहान लागत न्हाई, माणसाला लागती." सेंधव्याचा घाट चढेपर्यंत गाणी बंद पडली होती. इंदूरच्या पुढे सरळ, काळाभोर, गुळगुळीत रस्ता आणि गाडीत चौघांचे पाच गट, कारण मी आणि बायको तर एकमेकांच्या दोन-दोन मुद्द्यांवर विरोधात होतो. ग्वाल्हेरला किल्ला बघायचा का, यावर मतदान झालं. दोन विरुद्ध दोन. किल्ला लांबूनच बघितला, आणि तोही चौघांनी चार खिडक्यांतून.

मग सिमला मागे पडलं, नारकंडा, रामपूर झालं आणि किन्नौर सुरू झालं. तिथे रस्ता कड्याच्या पोटात कोरून काढलेला आहे. डोक्यावर दगडाचं छप्पर, उजवीकडे खोल खाली सतलज आणि समोरून येणारी हिमाचल परिवहनची बस. त्या बसचा ड्रायव्हर एका हातानं सफरचंद खात होता. त्याच क्षणी गाडीत अद्भुत एकी झाली. मेहुणा डोकं बाहेर काढून "अजून वीतभर हाय, घ्या" असं मोजून सांगू लागला. वहिनी सगळ्यांना आवळ्याच्या गोळ्या भरवू लागली. बायकोनं नकाशातल्या बाईचं तोंड बंद करून अथर्वशीर्ष सुरू केलं. माझ्या वेळापत्रकाचा कागद एका धक्क्यात निसटून सीटखाली गेला, तो कोणी उचलला नाही. मीही नाही.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून पुढे झाडं संपतात आणि डोंगर एखाद्या जुन्या वाड्याच्या पोपडे आलेल्या भिंतीसारखे दिसायला लागतात. नाको गेलं, दरडींसाठी बदनाम मालिंग नाला गेला. आम्ही चौघं एखाद्या भजनी मंडळासारखे एका सुरात होतो. सुमदोच्या पुढे वहिनीला एक पाटी दिसली: ग्यू.

"बाप्पा! इथंच ती ममी आहे ना?"

होती. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा एक बौद्ध भिक्षू, बसल्या जागी देह ठेवलेला. मसाले, लेप काही नाही. दात, केस अजून शाबूत. रस्ता सोडून सात-आठ किलोमीटर आत जायचं होतं. सीटखालच्या वेळापत्रकात ग्यू नव्हतं, पण सगळे एका सुरात असताना बेसूर कोण होणार? गेलो. काचेच्या पेटीत ते बसले होते, गुडघ्यावर हनुवटी टेकवून. मेहुणा हात जोडून हळूच म्हणाला, "पाचशे वरसं एका जागी. झीज न्हाई, काय न्हाई."

परत येताना एका वळणावर डाव्या बाजूला 'खर्रर्र' असा आवाज झाला आणि मागचं डावं चाक एका धारदार दगडावरून गेलं. टायरच्या कुशीत चार बोटांची चीर. पंक्चर खालून असतं तर रबराची बत्ती घालून बुजवता येतं. कुशीतल्या चिरेला इलाज नाही, तो टायर संपलाच.

"मी सांगितलं नव्हतं?" असं मी म्हणणार होतो, पण मी खरंच सांगितलं नव्हतं. आयुष्यातली ती एक संधी हुकली.

स्टेपनी काढली. हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की तो रामटेकचा असावा असं वाटतं. तो आहे ब्रिटनमधल्या वेल्सचा. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. 1904 साली लानेली नावाच्या गावातल्या दोन डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली, टायर चढवलेली एक धाव काढली, जी पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून आवळून बसवायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ते चाक स्टेपनी. त्या देशातले लोक तो शब्द विसरले, आपण मात्र त्याला गाडीच्या डिकीत आणि चावट विनोदांत जपून ठेवलं.

आमची स्टेपनी आधीच्या मालकानं कधी वापरलीच नव्हती. टायरच्या अंगावर साच्यातून निघताना राहिलेले रबराचे केस, ते बाळाच्या जावळासारखे जसेच्या तसे. बाकीचे तीन टायर पन्नास हजार किलोमीटर चाललेले. मी चष्मा लावून आकडा बघितला. जुन्यांवर 215/65 आर 16, नव्यावरही 215/65 आर 16. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के टायरची कूस उंच. शेवटचा सोळा म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदतात. आमच्या गाडीतल्या प्रवाशांसारखेच. आकडे जुळले, बोल्ट आवळले, बटण ऑटोवर ठेवलं आणि संध्याकाळी ताबोला पोचलो.

पोचल्यावर पुण्याला गॅरेजवाल्या अण्णांना फोन लावला, निव्वळ कौतुक करून घ्यायला.

"कुठली स्टेपनी? ती कोरी?" अण्णा म्हणाले. "आणि बाकीचे तीन आपले तेच, टकले? साहेब, बटण कशावर आहे?"

"ऑटोवर."

फोनमध्ये बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली. रेंज होती, अण्णा स्वतःला आवरत होते.

"पण आकडा सारखाच आहे," मी म्हटलं.

"आकडा सारखा म्हणजे माप सारखं नव्हे. एका पायात झिजून पापड झालेली आठ नंबरची चप्पल घाला, दुसऱ्यात कोरी आठ नंबर घाला, पर्वती चढून या आणि मग मला फोन करा."

मग त्यांनी जे सांगितलं त्याचं सार असं. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून ते कमी फिरतं. लहान जास्त फिरतं. साध्या गाडीत याचं कोणाला सोयरसुतक नसतं, कारण डाव्या-उजव्या चाकांमधला फरक डिफरन्शियल नावाचा मध्यस्थ गिळून टाकतो. (ही युक्ती 1827 साली पेकेर नावाच्या फ्रेंच माणसानं पेटंट केली. तो मूळचा घड्याळजी, म्हणजे दोन काटे एकत्र राहूनही वेगवेगळ्या वेगानं कसे फिरतात याची त्याला जाण होतीच.) पण ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्येही एक दुवा असतो. आमच्या गाडीत तो म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांचा क्लच. मागचं एक चाक मोठं, म्हणून मागची जोडी सावकाश फिरणार. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटणार, पुढची जास्त फिरतायत म्हणजे घसरतायत. तो बिचारा मदत म्हणून चकत्या दाबत राहणार. चकत्या घासत राहणार, तापत राहणार आणि एक दिवस जळणार.

"म्हणजे काही झालेलं नसताना, झालंय असं समजून तो मदत करत राहतो?"

"अगदी तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा," अण्णा म्हणाले. "चाक मागं बसवलंत ना? देव पावला. बटण टू-व्हीलवर टाका. ताकद फक्त पुढं जाईल, मागची दोन आपापल्या चालीनं येतील."

मी हे सगळं गाडीत बसून बाकीच्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. मेहुण्यानं आकृती बघितलीसुद्धा नाही.

"दाजी, हे बैलाचं झालं की. जोड जमवताना आमी दात बघतो, शिंगं बघतो, पण आधी उंची बघतो. खांद्याला खांदा लागला न्हाई तर जू तिरकं बसतं. उंच बैल रेटतो, बुटक्याच्या मानंवर सगळा भार. आठ दिवसात मान सुजती. दोष बैलाचा नसतो, जोड लावणाऱ्याचा असतो."

मला पंधरा मिनिटं आणि दोन आकृत्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरक किती आहे ते मोजायचं ठरलं. ताबोचा मठ 996 सालचा. मातीच्या भिंतींच्या आत हजार वर्षांची चित्रं आहेत, आणि लोक त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात हे ऐकून आम्हा मराठी मंडळींना उगाचच माहेरी आल्यासारखं वाटलं. त्या मठाजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही यशवंती उभी केली. बायकोची शिवणकामाची टेप दीडच मीटरची निघाली, म्हणून सुतळी घेतली. टायरभोवती सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची, मग सुतळी जमिनीवर सरळ धरून टेप दोनदा लावायची. वहिनीनं सुतळीचं एक टोक एका बाललामाच्या हातात दिलं. दुसऱ्या टोकासाठी चार बाललामा आपसात भांडले. शेवटी मोठा लामा आला, त्यानं टोक स्वतः धरलं आणि प्रश्न मिटवला.

जुन्या टायरचा घेर दोन मीटर बारा सेंटिमीटर. नव्याचा दोन मीटर पंधरा. तीन सेंटिमीटरचा फरक.

"एवढंच?" वहिनी म्हणाली. "एवढ्यासाठी रात्रभर काहून तळमळून राहिले होते?"

मी हिशोब मांडला. जुनं चाक किलोमीटरमागे साधारण 472 वेळा फिरणार, नवं 465 वेळा. फरक सात फेऱ्यांचा. ताबोहून काझा सत्तेचाळीस किलोमीटर; म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ तीनशे तीस फेऱ्या कोणीतरी कोणाला तरी देणं लागणार. उधारी एका दिवसाची नसते, ती चढत जाते. अमेरिकेतल्या आमच्या चिरंजीवांना व्हॉट्सॲपवर विचारलं. तिकडे ऑल-व्हील-ड्राइव्ह घराघरात. तो म्हणाला, "बाबा, सुबारू म्हणते चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको." पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या जरासं वर. आमचा फरक तीस. पुढे तो म्हणाला की तिकडे एकच टायर बदलायची वेळ आली तर कोरा टायर घेऊन, यंत्रावर तासून, बाकीच्या तिघांइतका झिजवून देतात. त्याचे वेगळे पैसे पडतात.

कोरी वस्तू विकत घ्यायची आणि वर पैसे मोजून जुनी करून घ्यायची! माझ्या छातीत बारीक कळ आली. बायकोला वाटलं उंचीमुळे.

बटण टू-व्हीलवर टाकून निघालो. ज्या गाडीचं चार पायांचं कौतुक मी पुण्यापासून सांगत आलो होतो, ती आता दोन पायांवर चालली होती. काझाच्या अलीकडच्या चढावर मागून एक आल्टो आली. आत सात माणसं, टपावर कोबीची पोती. हॉर्न वाजवून ती आमच्या पुढे निघून गेली. मागच्या काचेतून एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला हात केला. तो आशीर्वाद होता की सांत्वन, कळलं नाही.

काझाला पंक्चरच्या दुकानात बिहारचा एक पोरगा होता. आमच्या मापाचा टायर त्याच्याकडे नव्हता. त्यानं कोपऱ्यातून एका थोराड गाडीचा टायर ओढून काढला, 235/70 आर 16. "रिम इसका भी सोलह है साहब, बैठ जाएगा." रिम सोळाच, पण घेर दोन मीटर एकतीस. यशवंतीचा एक पाय हत्तीचा झाला असता. मी त्याला पाव इंचाचा नियम सांगितला. तो एवढ्या मनापासून हसला की शेजारच्या दोन जीपवाल्यांना बोलावून त्यानं मला तो परत सांगायला लावला.

जीपवाल्यांपैकी वयस्कर होता तो मात्र हसला नाही. त्याच्या जुन्या फोर-बाय-फोरला मध्ये चकत्या नव्हत्या, कॉम्प्युटर नव्हता, नुसता एक लोखंडी दांडा होता. "चिखल आला की दांडा घालतो, डांबर आलं की काढतो," तो हिंदीत म्हणाला. "डांबरावर ठेवला तर गाडी आखडते."

रात्री हेच अण्णांना विचारलं, कारण पुढे कुंझुमची खिंड होती आणि लोसरच्या पुढे ग्राम्फूपर्यंत रस्ता फक्त नावाला. तिथे चार पाय लागणार होते.

"घाला की," अण्णा म्हणाले. "माती, वाळू, दगडगोटे असतील तिथं खुशाल घाला. तिथं चाकं जरा-जरा घसरत असतात ना, घसरता-घसरता आपसातला हिशोब मिटवून टाकतात. उधारी साठतच नाही. खरी मारामारी चांगल्या रस्त्यावर. कोरडं, गुळगुळीत डांबर. तिथं टायर पकड सोडत नाही, कोणी माघार घेत नाही, आणि सगळा ताण मधल्याच्या बोकांडी. खराब रस्ता सांभाळून घेतो, साहेब. चांगलाच रस्ता घात करतो. डांबर लागलं की बटण काढायचं. विसरायचं नाही."

"विसरेन कसा?" मी म्हटलं.

कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर. तिथे कुंझुममातेचं देऊळ आहे आणि गाडीसकट प्रदक्षिणा घालायचा रिवाज आहे. आम्हीही घातली. मी चाकांचा हिशोब डोक्यात घेऊनच फिरत होतो, तेव्हा लक्षात आलं की प्रदक्षिणेत चारही चाकं वेगवेगळी चालतात. देऊळ लहान असो की मोठं, एका पूर्ण फेऱ्यात बाहेरच्या बाजूची चाकं आतल्यांपेक्षा दहा मीटरच्या आसपास जास्त जातात. म्हणजे माप तंतोतंत जुळवलं तरी वळण आलं की प्रत्येकाची वाट वेगळी.

"मग बाहेरच्या चाकाला पुण्य जास्त," वहिनी म्हणाली. ती त्या बाजूला बसली होती.

खिंडीच्या पलीकडे रस्ता असा नव्हताच. नदीनं टाकून दिलेले गोटे होते आणि त्यातले जरा कमी गोटे असलेला भाग म्हणजे रस्ता. बातलच्या ढाब्यावर राजमा-भात खाल्ला. छोटा दर्राच्या अलीकडे वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून धो-धो वाहत होतं. मेहुणा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात काठी घेऊन, त्या बर्फाच्या पाण्यात उतरला आणि पंचगंगेच्या पुरात म्हैस घालतात तसा यशवंतीच्या पुढे चालू लागला. "दाजी, डावीकडं दाबा! आता सरळ! थांबू नका!" मी बटण लॉकवर फिरवलं. दोन वर्षं पुसलेलं ते बटण आज कामाला आलं होतं. यशवंती एकदा हलली, एकदा घसरली आणि सरसर पलीकडे चढून गेली. आम्ही तिघं टाळ्या वाजवत उतरलो. बायकोनं ओढणी काढून भावाचे पाय पुसले. वहिनीनं शेवटची बाकरवडी, जी तिनं नाशिकपासून कोणाला दिली नव्हती, ती मला दिली. माझे डोळे पाणावले. उंचीमुळे.

आणि मी बटण विसरलो.

कोकसरला डांबर लागलं. काळं, गुळगुळीत, कोरडं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच मिनिटाला चारही मोबाईलना रेंज आली. दिवसभराचे निरोप टणटण वाजत आत पडले. मेहुणा म्हणाला, आता थांबून चहा घेऊ. मी म्हटलं, अटल बोगदा ओलांडून घेऊ. बायको म्हणाली, काझाच्या हॉटेलचे पैसे कोणी दिले ते आधी लिहून घेऊ. वहिनी म्हणाली, लिहायचं काय त्यात, आम्हीच दिले. मी म्हटलं, ग्यूला गेलो नसतो तर... आणि हे मात्र मी म्हणायला नको होतं.

गाडीत आवाज चढत गेले आणि गाडीचाही आवाज चढत गेला, पण तो कोणाला ऐकू येईना. पहिल्या मोठ्या वळणावर स्टिअरिंग जड झालं. दुसऱ्या वळणावर यशवंती अडखळली, ताठरल्यासारखी हिसके देत वळली. लॉकमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना एकाच वेगानं फिरायची सक्ती; वळणावर पुढच्यांना लांबची वाट, मागच्यांना जवळची; त्यात एकाचं माप वेगळं आणि खाली कोणालाच घसरू न देणारं उत्तम डांबर. मला वाटलं मेहुणा रागानं सीट हलवतोय. त्याला वाटलं मी रागानं गाडी चालवतोय. मग डॅशबोर्डवर एक दिवा लागला आणि जळकट वास आला.

सिस्सूच्या जवळ, बोगद्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. तो बोगदा 9.02 किलोमीटरचा, आणि त्याच्या मध्यावर चकत्यांच्या शेकोटीसकट अडकायची माझी तयारी नव्हती. इंजिन बंद केलं. मी खाली वाकून बटणाकडे बघितलं. लॉक.

कोणी काही बोललं नाही. चौघं उतरलो आणि चार दिशांना गेलो. मेहुणा चहाच्या टपरीकडे. वहिनी समोरच्या धबधब्याचे फोटो काढायला. बायको एका दगडावर बसून वहीत हिशोब लिहू लागली. मी यशवंतीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. अर्ध्या तासानं गाडी निवली, दिवा विझला, वासही गेला. चौघं एकेक करून परत आलो. मेहुण्यानं न विचारता माझ्यासाठी चहा आणला होता. हिशोबात काझाच्या हॉटेलचे पैसे वहिनीच्या नावावर लिहिलेले होते.

"बटण टू-व्हीलवर टाकलं," मी जाहीर केलं.

"गाडीतल्यांचं पण टाका," बायको म्हणाली. "मनालीपर्यंत ज्यानं-त्यानं आपापल्या चालीनं यावं."

बोगद्यात आम्ही चौघं चार खिडक्यांतून एकच भिंत बघत बसलो होतो. छान वाटलं.

मनालीपासून पुण्यापर्यंत यशवंती दोन पायांवर आली. चांगल्या रस्त्यावर कुठे सूर चढला की कोणीतरी "टू-व्हील, टू-व्हील" म्हणायचं आणि मग मेहुणा आपला चहा प्यायचा, मी माझं वेळापत्रक वाचायचो.

पुण्यात टायरवाल्याकडे माझा एक डाव तयार होता. स्टेपनी अजून कोरीच म्हणायची. त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे तीन टायर घ्यायचे, चौथी ही. चार पाय, तीन पायांच्या किमतीत. टायरवाल्यानं स्टेपनीची कूस हातानं पुसली आणि तिथले चार आकडे मला दाखवले: 3716.

"2016 सालचा सदतिसावा आठवडा. टायरचा जन्मदिवस आहे हा. जावळ आहे साहेब, पण वय झालंय."

चार घेतले. पैसे मोजताना तासून देण्याचे वेगळे पडले नाहीत, एवढंच समाधान.

दिवाळीत मेहुण्याचा फोन आला. पुढच्या वर्षी लडाखला जाऊ या म्हणत होता. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला आणि पहिला प्रश्न विचारला, "रस्ता कसा आहे?"

"एकदम बेकार हाय, आक्का. पार वाट लागलीय म्हणत्यात."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग येतो," ती म्हणाली.